स्टारच्या पुढचे तेवीस

"मॅडम, लेथचे एकशे बेचाळीस प्रोग्रॅम उडालेत. सगळे!"

सुजितसाहेबांचा फोन येताच विजयश्रीने स्कूटर तळवड्याच्या कारखान्याकडे काढली. नोकरीतून निवृत्त झाली तरी जुन्या डॉस संगणकांची दुखणी अजून तिच्याच गळ्यात पडत.

संशयावरून नौशादला स्टोअरमध्ये बसवून बाहेरून कडी घातली होती. मोबाइलही काढून घेतला होता. एकवीस वर्षं लेथ चालवणारा माणूस! सहाला पोलीस येणार होते.

"परवा ओव्हरटाइमवरून वाजलं आमचं. त्याचा राग काढला त्यानं," साहेब म्हणाले.

"संगणकाच्या खोलीची चावी कोणाकडे?"

"नौशाद आणि निरंजन. दोघांकडेच."

निरंजन म्हणजे नवा इंजिनिअर. "मी आज हातच नाही लावला, मॅडम," तो म्हणाला. "डिस्क भरलीय, तेवीस सालचे प्रोग्रॅम काढायचे होते. पण राहून गेलं."

विजयश्रीने स्टोअरची कडी काढली. आत नौशाद घामाने भिजला होता.

"नौशादभाई, फायली कशा उडवता?"

"एकेक नाव लिवून. स्टार लावत न्हाई. एकदा हात पोळलेत." त्याने खिशातली तेलकट डायरी पुढे केली. तारीख २००६ ची होती. 'स्टार लावून फाइल उडवू नये.' "घरून बायको, परवीन, फोन करत आसंल मॅडम. काय सांगू तिला?"

विजयश्री बाहेर पडताच कारखान्याच्या शिपायाने पुन्हा कडी घातली.

संगणकावर तिने वरचा बाण दाबला. आधी दिलेली, फायली उडवण्याची कमांड पडद्यावर आली: DEL *23.NC

"स्टार म्हणजे कुठलीही अक्षरं ना? मग नावाशेवटी तेवीस असलेल्याच जायला हव्यात," साहेब गोंधळले.

"तेच ना! याने बाकीच्या जातच नाहीत," निरंजन घाईने म्हणाला.

"तुझ्या नव्या लॅपटॉपवर पाच फायली बनवून दाखव."

पाच फायलींपैकी तेवीसवाल्या दोनच गेल्या. निरंजनचा चेहरा खुलला. विजयश्रीने त्याच नावांच्या पाच फायलींची फ्लॉपी जुन्या संगणकात घातली आणि तीच कमांड दिली.

पाचही गेल्या.

"हा डॉस स्टारच्या पुढची अक्षरं वाचतच नाही," ती म्हणाली. "टिंबापर्यंतचं कुठलंही नाव त्याला चालतं. नौशादभाईंना हे वीस वर्षं माहीत आहे. त्यांना सगळंच उडवायचं असतं, तर तेवीस कशाला लिहिलं असतं? आणि तेवीसचेच उडवायचे असते, तर स्टार लावला नसता. चाव्या दोनच. राहिलं कोण?"

निरंजन खाली बघू लागला. "चुकून झालं, मॅडम. मग घाबरलो."

"चूक होते रे. पण माणूस कोंडलेला दिसत असताना गप्प बसलास!"

"प्रोग्रॅम परत येतील?" साहेबांनी विचारलं.

"येतील. फाइल उडवताना डॉस तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं पुसतो. प्रत्येक फाइलचं ते अक्षर सांगावं लागेल. कोणाला पाठ आहेत?"

"नौशादभाईंना," निरंजन पुटपुटला. साहेब स्वतः उठले आणि त्यांनी स्टोअरची कडी काढली.

"नौशाद, चुकलो आम्ही. पोलिसांना नको म्हणून कळवतो. जरा बसतोस संगणकावर?"

"बसतो, साहेब. आधी माझा फोन द्या," नौशाद म्हणाला. "आन् मी काम करतोय तोवर संगणकाच्या खोलीचं दार उघडं राहू द्या."