दोन मणके जास्त

पॅरिसचा चित्रकार कोर्व्हाझिए तुर्कस्तानात कधी गेला नव्हता. नुसता समुद्र बघितला तरी त्याला ओकारी यायची. पण सुलतानाच्या जनानखान्यातली उघडी सुंदरी रंगवायची म्हटल्यावर त्याने सासूची शाल फाडून फेटा केला, भंगारवाल्याकडून हुक्का आणला आणि धोबिणीची पोर झेली हिला गादीवर पाठमोरी आडवी केली. झालं तुर्कस्तान.

शेगडी धुमसत होती. टर्पेंटाइनचा वास डोक्यात चढत होता. पडून पडून अवघडलेली झेली उठली आणि तिने चित्र बघितलं.

"मास्तर, ही पाठ कुणाची? माझी एवढी लांब नाही."

"रेषेला हवी होती. दोन मणके वाढवले."

"मणके म्हणजे शेवया वाटल्या का, ओढल्या की लांब?"

दोघंही हसले. पण त्या आठवड्यात झेलीने लग्नाचा झगा घालून बघितला, तर झग्याची कंबर बरगड्यांवर चढलेली. तिचा होणारा नवरा बास्तियां पिंपं बनवायचा, लग्न तोंडावर आलं होतं. अंथरुणावर पडलं की पाठीतून आवाज यायचा... सुकी काटकी मोडावी तसा. कट्.

ती भर दुपारी धावत आली.

"मास्तर, पाठ वाढतेय. ते दोन मणके पुसून टाका."

"पाव कमी खा, पोरी."

"हात लावून बघा... लावा तरी."

त्याने बोट लावलं. कातडीखाली दोन हाडं गार होती, ओलसर होती. बोट मागे घेतलं तर त्याला गुलाबी तेलरंग लागलेला. त्याने तो गुपचूप फडक्याला पुसला.

"प्रदर्शन होऊ दे. मग बघू."

"आणि माझं लग्न?"

"बास्तियांला म्हणावं, बायको जरा जास्तच मिळतेय."

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी चित्रकार शिड्यांवर चढून आपापल्या चित्रांना वार्निश लावतात. कोर्व्हाझिएच्या शिडीखालून एक ढेरपोट्या टीकाकार चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, "या बाईंची पाठ संपेपर्यंत माझं जेवण थंड होईल." दालनभर हशा पिकला.

पोरीच्या रडण्याने जो तसूभर हलला नव्हता, तो एका हशाने हलला. त्याने शिडीवरच खरडायची सुरी काढली, दोन्ही मणके खरडले आणि उरलेली पाठ सांधून टाकली. खरडताना कट् वाजलं. मग आणखी एकदा. रंगाच्या खपल्या त्याच्या कॉलरमधून आत पाठीवर घरंगळल्या आणि तिथेच गार चिकटून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बास्तियां दारात उभा. लग्नाचे कपडे अंगावर, टोपी हातात.

"काल दुपारी झगा घालून बघत होती. आता अगदी बरोबर बसतोय म्हणाली, हसली... आणि कमरेत मधोमध दुमडली."

"मग?"

"कमरेखाली काही कळत नाही तिला. तुम्हाला निरोप आहे... विचारलंय, मणके ठेवले कुठे?"

"फार वाईट झालं," कोर्व्हाझिए म्हणाला. पुढच्या चित्राला आता कोण आडवी पडणार, हे तो मनात शोधत होता. बास्तियांला वाटेला लावून त्याने घरकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बार्बला कोट चढवायला हाक मारली. प्रदर्शनाला राजघराण्यातली माणसं येणार होती.

बार्बने मागून कोट खाली ओढला. पुन्हा ओढला.

"साहेब, कोट आटला का हो? कालपर्यंत तर बसत होता..."