चार बोटं वाढलेलं गाव

"लागला! लागला बघ कान!" जना ओटीवरून ओरडली.

"मान वाकडी केलीस! तसं नाय चालायचं," तिची मोठी बहीण पारू म्हणाली. "सरळ उभी ऱ्हा."

जनाने मान सरळ केली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन ती डावा कान शोधू लागली. जीभ बाहेर आली, डोळे वर गेले. मधल्या बोटाचं टोक कानाला लागलं की नुसतं केसांत गुंतलं, हे सांगणं कठीण होतं. बुधाजी आजाने अगदी जवळ येऊन पाहिलं.

"लागला म्हणायचा," आजा म्हणाला. "सहा वर्सं पुरी! पोरगी मेळ्याला जाणार!"

१९७८ सालची दिवाळीची सुट्टी होती आणि गावात आनंदमेळा आला होता. त्या काळी कडावात पोरांच्या जन्माची तारीख सहसा कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालायला पोर आणलं की गुरुजी त्याला हात डोक्यावरून कानाला लावायला सांगत. लागला तर सहा वर्षं पुरी, आणि वहीत जन्मतारीख एक जून! तीच कसोटी आजाने आज मेळ्याला न्यायला लावली होती. सातवीतली पारू, तिच्या शेजारचा चंदर आणि डोंगराकडच्या वाडीवरून शाळेला येणारा वाघ्या, तिघंही शाळेच्या हिशेबाने एक जूनलाच जन्मले होते.

"मामंजी, कान लागला म्हणून काय झालं?" चुलीपासून पारूची आई चंद्रभागा म्हणाली. "पाचच वर्सांची हाय ती! एवढ्याशा पोरीला कशाला न्यायचं? घाबरंल, रडंल, नि मोठेपणी कायसुद्धा आठवायचं नाय. सात-आठ वर्सांची झाली की न्या."

"नि तवा मेळाच नाय आला तर?" आजाने विचारलं.

"आमच्या वाडीत पोर चालाय लागलं की सगळीकडं नेतात," वाघ्या म्हणाला.

"आकाशपाळण्यातपण?" चंदरने डोळे मिचकावले.

"आमच्याकडं पाळणा आलाय कधी? आंब्याची फांदी हाय. तिला वय लागत नाय!"

आई हसली, आणि हसली म्हणजे जाऊ द्यायला तयार झाली. फक्त तिने पारूचा दंड धरून हळूच सांगितलं, "तिचा हात सोडू नको गं."

भातगिरणीच्या मागे, कापणी झालेल्या खाचरात आनंदमेळा उतरला होता. आत गोल फिरणारे लाकडी घोडे होते, फुगे होते, आणि सगळ्यांच्या वर तो आकाशपाळणा! सकाळी धुकं असलं की त्याचे खालचे पाळणे दिसत नसत. वरचे तेवढे दिसत, जणू कुणी ते आभाळातूनच खाली सोडले आहेत. जना दोन दिवस अंगणातून तेच बघत बसली होती.

मेळ्याच्या दारात एक पाटी होती. आजा नुकताच रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकला होता. तो पाटीसमोर उभा राहिला आणि बोट हवेत फिरवत वाचू लागला, "सा...त... व...र्षां...खा...ली..."

"सात वर्षांखालील मुलांना पाळण्यात मनाई!" चंदरने एका दमात वाचून टाकलं.

"अरं, मला वाचू दे की!" आजा चिडला.

पाळण्याजवळ मेळ्याचे मालक गजाशेठ उभे होते. पोट पुढे, तोंडात पान, अंगात पांढराशुभ्र सदरा. त्यांच्याशेजारी जमिनीत एक खांब रोवला होता, आणि खांबावर तांबड्या रंगाची जाड रेघ होती.

"पोराचं वय विचारलं तर आई एक सांगते, बाप दुसरं सांगतो!" गजाशेठ सगळ्यांना ऐकवत होते. "म्हणून मी वय विचारतच नाही. प्रत्येक गावात हा खांब रोवतो आणि रेघ बरोबर माझ्या सदऱ्याच्या खिशाच्या तळाशी आणतो. हे बघा!" ते खांबाला चिकटून उभे राहिले. रेघ खिशाच्या शिवणीला अगदी जुळली. "सात वर्षांचं पोर एवढं भरतं. रेघेला डोकं लागलं तर पाळणा, नाही लागलं तर लाकडी घोडा!"

जना खांबाला टेकून उभी राहिली. टाचा जमिनीवर, हनुवटी वर. रेघ चार बोटं वर राहिली.

"घोडा!" गजाशेठ म्हणाले.

जना रडली नाही. घोड्यावर बसली, गोल गोल फिरली, पण सगळा वेळ तिची मान वरच होती. घरी येताना बांधावर तिने विचारलं, "पारू, झोपंत माणूस वाढतो ना गं?"

"वाढतो."

"किती?"

"झोपंल तेवढा."

त्या संध्याकाळी जना दिवेलागणीलाच झोपली. पहाटेकडे अवचित मोठा पाऊस पडून गेला. जनाला तो ऐकू आला नाही. ती वाढण्यात गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ते पुन्हा मेळ्यात गेले, तर खाचराचा रंगच बदललेला! चिखल कुठे दिसत नव्हता. सगळीकडे भाताचं सोनेरी तूस पसरलं होतं. पाय टाकला की मऊ लागत होतं, नव्या भाताचा वास येत होता, आणि माणसांच्या चालण्याचा आवाजच होत नव्हता. सगळे जणू स्वप्नात चालत होते.

जना धावत खांबाकडे गेली आणि पाठ टेकून उभी राहिली.

गजाशेठनी तिच्या डोक्यावर हात आडवा ठेवला. "भरली! रांगेत जा!"

"काय?" पारू, चंदर आणि वाघ्या एकदम ओरडले. रेघ जनाच्या केसांना टेकली होती!

"मी वाढले!" जना हळूच म्हणाली. मोठ्याने बोललं तर पुन्हा कमी होईल अशी तिला भीती वाटली असावी. "झोपंत वाढले!"

रांगेत वाघ्याला शंका आली. त्याने जनाला ओढून आपल्यासमोर उभं केलं. "परवा ही माझ्या तिसऱ्या बटणाशी लागत व्हती. आजपण तिसऱ्याच बटणाशी!"

"मग तूपण वाढलास!" जना म्हणाली.

चंदर पळत जाऊन खांबाजवळ उभा राहून आला. "काल रेघ माझ्या काखेशी व्हती. आज खाली हाय. मीपण वाढलोय!"

आजालाही राहवेना. तोही जाऊन आला. "पोरांनो, साठी उलटली माझी, नि मी अजून वाढतोय!"

"आख्खं कडाव वाढलं एका रात्रीत!" चंदर पोट धरून हसू लागला. "आता घरांची छपरं उचलाय लागणार!"

सगळे हसले. तेवढ्यात वरून किंकाळी आली.

खाली येणाऱ्या पाळण्यात एक लहान मुलगा समोरच्या लोखंडी दांडीखालून घसरला होता. काखेपर्यंत बाहेर! त्याच्या आईने दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरला होता. "थांबवा! थांबवा!" लोक ओरडले. इंजिन बंद झालं, पाळणा डुलत खाली आला आणि चार जणांनी मुलाला उचलून घेतलं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण त्याच्या आईने त्याचा सदरा अजून सोडला नव्हता.

"पोराने चुळबुळ केली असेल," गजाशेठ पानाची पिंक टाकून म्हणाले. "खांबाने पास केलंय त्याला. मापात होता! चला, पुढचे!" इंजिन पुन्हा धुकधुकू लागलं.

"त्याचे पाय बघितलेस?" पारू चंदरच्या कानाशी म्हणाली. "पायाखालच्या फळीला टेकतच नव्हते. चांगले वीतभर वर व्हते! टेकले असते तर घसरला नसता. एवढा लहान पोरगा रेघेला लागला कसा?"

"जना लागली तसाच," वाघ्या म्हणाला, आणि म्हणता म्हणता तो थांबला. त्याने खाली पाहिलं. मग तो रांगेतून निघाला, खांबाच्या बुडाशी उकिडवा बसला आणि हाताने तूस उकरू लागला. एक बोट, दोन बोटं, तीन... चौथ्या बोटाला काहीतरी टोचलं.

"धसकटं!" त्याच्यामागे आलेल्या पारू आणि चंदरला तो कुजबुजत म्हणाला. "कापलेल्या भाताची! काल आपण या धसकटांवर उभे व्हतो. जमीन हितं हाय, खाली!"

"सकाळी गिरणीतनं दोन बैलगाड्या तूस आणलं यांनी," चंदर म्हणाला. त्याचे वडील गिरणीतच कामाला होते. "चिखल झाकाय. नि सगळ्यांत जास्त या खांबापाशी टाकलं, कारण हितं गर्दी! जमीन वर आली, खांब हाय तिथंच!"

"म्हंजे गाव नाय वाढलं," पारू म्हणाली.

मागून कुणीतरी तिचा झगा ओढला. जना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मग मीपण नाय वाढले?"

पारूने तिला जवळ ओढलं.

"नको ना सांगू कुणाला," जना म्हणाली. "आपला नंबर आलाय. दोनच पाळणे राहिलेत. मी घट्ट धरीन गं! सांगू नको."

पारूने वर पाहिलं. आभाळ धुऊन निघालेलं होतं आणि त्यात पाळणे एकामागून एक वर जाऊन हळूच पलीकडे उतरत होते. जनाने दोन दिवस किती बघितलं होतं ते! आणि रांगेत जनाच्या मागे तिच्याएवढीच पोरं उभी होती. सगळी रेघेला लागलेली. सगळी खूश.

तिने जनाचा हात घट्ट धरला आणि गजाशेठपुढे गेली. "शेठ, तुमचा खांब चुकलाय!"

"खांब चुकत नसतो! माणसं चुकतात!" गजाशेठ गुरकावले. "बाजूला हो. रांग अडवू नकोस."

त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मग चंदर पुढे झाला. चेहरा अगदी भोळा! "शेठ, ती खिशाची गंमत पुन्हा दाखवा ना! रेघ बरोबर शिवणीला लागते ती! आमच्या आजाने काल नीट बघितली नाय."

"हो हो, दाखवा शेठ!" आजा म्हणाला. त्याने काल ती चांगली पाहिली होती, पण पोरांच्या मनात काहीतरी आहे हे त्याने ओळखलं होतं.

लोकांनीही माना वळवल्या. गजाशेठना असं कुणी म्हटलेलं आवडत असे. छाती फुगवून ते खांबाला टेकले. "हे बघा! खिशाचा तळ आणि रेघ..."

रेघ खिशाच्या चार बोटं खाली होती!

"अरेच्चा!" वाघ्या ओरडला. "शेठपण वाढले!"

सगळी रांग खदखदून हसली. गजाशेठ खाली बघू लागले, टाचा उचलू लागले, गुडघे वाकवू लागले. तेव्हा वाघ्याने उकरलेला खड्डा पारूने दाखवला. त्यात चार बोटं खाली कालची धसकटं दिसत होती.

"तुमी पावसानंतर खांब पुन्हा मापला नाय," ती म्हणाली. "तूस टाकून जमीन वर आली. म्हणून तो पोरगा पास झाला, म्हणूनच दांडीखालनं घसरला. आमची जनापण अशीच पास झालीय. ती चार बोटं कमी हाय!"

हसू थांबलं. घसरलेल्या मुलाची आई पुढे आली. तिने खड्ड्यात बोटं घालून पाहिली, मग गजाशेठकडे पाहिलं. गजाशेठचं पान तोंडातच राहिलं.

"इंजिन बंद करा," ते शेवटी म्हणाले. "फावडं आणा."

खांबाभोवतीचं तूस ओढून काढलं. गजाशेठनी खिसा पुन्हा जुळवला, दोनदा. रांगेतली नऊ पोरं रेघेखाली निघाली. कुणी भोकाड पसरलं, कुणी रुसून जमिनीवर बसलं. गजाशेठनी त्या सगळ्यांना घोड्यांकडे पाठवलं.

"पोरांनो," ते पारूसमोर येऊन म्हणाले, "पंधरा वर्षं खांब रोवतोय. आज तुम्ही नसता तर..." त्यांनी नुसते हात जोडले.

"आमच्या पारूचं सोपं नव्हतं हं," आजा सगळ्यांना म्हणाला. "दुसऱ्याचं पोर खाली उतरवणं सोपं. तिनं स्वतःची बहीण उतरवली. नि चंदर, वाघ्या, तुमच्यासारखे डोळे पायाखाली ठेवणारे गावात चार असले तर गाव सुखात ऱ्हाईल!" वाघ्या लाजून तूस पायाने सारखं करू लागला.

आजाने तिघांना पाळण्यात बसवलं. पारू जात नव्हती, पण जनानेच तिला ढकललं. "जा. नि मला सगळं सांग. एकपण सोडू नको!"

पाळणा वर गेला आणि खालचे बसायचे होते म्हणून अगदी टोकाला थांबला. डुलत राहिला. तिथे वारा वेगळा होता.

"काय दिसतं?" खालून जनाचा आवाज आला. ती आजाचं बोट धरून, डोळे गच्च मिटून उभी होती.

"माथेरानचा डोंगर!" पारू ओरडली. "निळा! नि इकडं पेठच्या किल्ल्याचा सुळका! नदी चमकतीय!"

"आपलं घर?"

"काडेपेटीएवढं! आई अंगणात हाय, ठिपका नुसता!"

"आजा केवढा दिसतो?"

"मुंगीएवढा!" तिघंही ओरडले.

"नि मी?"

पारूने वाकून पाहिलं. सोनेरी तुसावर दोन काळे ठिपके शेजारी शेजारी होते. त्यातला मोठा कुठला आणि लहान कुठला, इतक्या उंचावरून खरंच कळत नव्हतं.

"तूपण तेवढीच!" ती ओरडली. "दोघं सारखेच!"

जनाने डोळे उघडले. मान वर करून आजाकडे बघितलं.

"आजा," ती म्हणाली, "मी तुझ्याएवढी झाले!"

"व्हय गं," आजा म्हणाला आणि तिच्याशेजारी तुसात खाली बसला.