कृत्तिकांचा हललेला फोटो

"ड्रायर मिळेल का? थोडा वेळ... गच्चीवर न्यायचा होता."

पार्लरच्या दारात शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला उभा होता. डोक्यावर केस होते, पण ड्रायर लागावा इतके नक्कीच नव्हते. पार्लरवालीने त्याला आरशातूनच नखशिखांत मापलं.

"कोणाचे केस वाळवायचेत?"

"कॅमेऱ्याचे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... लेन्सवर दव धरतं. कृत्तिकांचा फोटो काढतोय."

उसनी वस्तू डोळ्यांआड जाऊ देऊ नये, म्हणून तीही वर गेली. निदान पार्लरमध्ये सोबत काम करणाऱ्या ताईला तिने तसंच सांगितलं.

वर निळसर चांदण्यांचा इवलासा घोस लुकलुकत होता. तिने लेन्सला ऊब दिली, त्याने बटण दाबलं. "आता हलायचं नाही हं," तो कुजबुजला. कॅमेरा आभाळाकडे बघत राहिला, तो कॅमेऱ्याकडे, आणि ती... असो.

त्या संध्याकाळी कॅमेऱ्याच्या स्टँडला तिचा पाय लागला तो खरोखर चुकून. फोटोत चांदण्यांच्या रेघा झाल्या.

"उद्या पुन्हा बघू," तो म्हणाला.

तो 'उद्या' तिला फारच आवडला. मग पायाला सवयच जडली. फोटो जमला की चष्मेवाला आपल्या दुकानात आणि आपण आपल्या आरशापुढे, एवढा हिशेब तिला येत होता.

"ड्रायर आण गं," एकदा जिन्यातून ताईने हाक दिली. "गिऱ्हाईक ओल्या डोक्याने बसलंय."

"आले. एकच चांदणी राहिलीय."

थंडी सरत आली तसा तो म्हणाला, "दोन-चार दिवसांत कृत्तिका समोरच्या इमारतीआड जातील. मग थेट पुढच्या हिवाळ्यात."

तिला वाईट वाटलं. इतकी हौस बिचाऱ्याची... तिने पाय आवरून घेतला आणि मुकाट उभी राहिली.

फोटो निघाला. एकेक चांदणी टाचणीच्या टोकासारखी.

"जमला," तो म्हणाला, पण चेहरा पडलेला.

"मग असं तोंड का?"

"आज पाय नाही लावलात."

ती चपापली. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"रोज धक्का तुमच्याच बाजूने."

"मग स्टँड पलीकडे न्यायचा होता."

"नेला असता. पण तिथे तुमचा पाय पोचला नसता."

तिने ओठ दाबून हसू अडवलं, अडलं नाही.

"कृत्तिका जाऊ देत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही येत जा... रोज."

"आणि ड्रायर?"

"तो ताईंना देऊन टाका."