पाठीवर कोणी नसलेला बैल

यातलं एक अक्षरही मनाचं नाही. विमलताई माझी मावसबहीण. तिनं हे एकदाच सांगितलं, माझं बाळ तापानं फणफणलं होतं तेव्हा.

१९६३ चा पौष. बोरी अरब. दिवेलागणीची वेळ.

पती सदाशिवराव वारल्यावर विमलताई इथं माहेरी आली होती. ते यवतमाळला कॉलेजात शिकवायचे. ध्यास एकच... चीनचा प्राचीन तत्त्वज्ञ लाओत्से. त्याच्या चरित्रात खरं किती, दंतकथा किती, हे शोधण्यात वर्षं गेली. म्हातारपणी तो बैलावर बसून पश्चिमेला निघाला. नाक्यावर पहारेकऱ्यानं अडवलं, काहीतरी देऊन जा म्हणाला. त्यानं ग्रंथ लिहून दिला आणि गेला. पुढं तो कोणाला दिसला नाही.

"एवढं तरी खरं असावं," सदाशिवराव म्हणायचे. अभ्यास अर्धाच राहिला.

आता तिचा दीड वर्षाचा लेक तापात होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची भुरीबाई आपला पांढरा बैल घेऊन अंगणात आली.

"विमल, पोराले याच्या पायाशी ठेव. देवाले सोडलेला हाये. याच्यावर ओझं नाई, कोनी बसत नाई. आमचं मानूस बिमार पडलं का आमी हेच करतो."

विमलताई बी.ए. झालेली. तिनं लेकराला छातीशी धरलं.

"जावईबापू चीनच्या बैलाचं लिवत राह्यले. सासुरवाडीचा बैल पाहाले आले काय कधी?"

विमलताईला रडता रडता हसू आलं. तिनं लेकराला घोंगडीवर, बैलापुढं निजवलं.

बैल मान हलवत होता. पण गळ्यातली घंटा...

वाजत नव्हती.

कुत्रीही गप्प झाली.

मग बैलाची पाठ हळूहळू दबली... कोणी बसावं तशी.

"अवं माय!" भुरीबाई मागं सरकली.

बैल मावळतीकडं वळला.

विमलताईनं लेकराच्या छातीवर हात ठेवला.

श्वास नव्हता.

ती धावली. हात पसरून बैलाच्या वाटेत उभी राहिली.

"जायचं तर जा. पण माझं लेकरू देऊन जा."

बैल थांबला.

बराच वेळ काहीच नाही...

मागं लेकरू रडलं.

ती बाजूला झाली. तिला म्हणायचं होतं, थांबा. बैल मावळतीकडं चालत गेला.

सकाळी बैल शिवाराच्या कडेला बसलेला सापडला. भुरीबाईच्या नवऱ्यानं, भावसिंगनं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिथले केस दबले होते.

विमलताईनं घरात कोणाला सांगितलं नाही.

लेक पाच वर्षांचा झाला. एकदा जेवता जेवता म्हणाला,

"आई, बाबा बैलावर उलटे काहून बसले होते? आपल्याकडं तोंड करून?"

कोणाकडं बघत होते... तिच्याकडं, की त्याच्याकडं?

विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही.