उजव्या चाकाचे दोन पॅड

या गोष्टीत अमावास्या नाही, काळोख नाही, ओसाड बंगला नाही. जे घडलं ते भर उन्हात घडलं, दुपारी बारा ते एकच्या मध्ये. पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा आहेत. आणि शेवटचा प्रकार तर मी स्वतः त्यांच्या शेजारी बसून ऐकलाय.

गाव जळकोट, तालुका तुळजापूर. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना.

धनाजीमामांची पिकअप आहे. कांदा, टोमॅटो, जो माल मिळेल तो सोलापूरच्या मार्केटला टाकायचा, हा त्यांचा धंदा. त्यांचा जिवाभावाचा दोस्त विरुपाक्ष. त्याचीही अगदी तशीच पिकअप. तो हायवेच्या ढाब्यांना पाण्याचे जार पोचवायचा. दोघांनी गाड्या एकाच दिवशी आणल्या, नारळही एकाच दिवशी फोडला. गावात चेष्टा चालायची की एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढतो.

त्या मे महिन्यात दोघांच्याही गाड्या एकदमच किरकिरायला लागल्या.

ज्यांची गाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकाला ब्रेक पॅड असतात. ते झिजत आले की पॅडची एक छोटी पत्ती चाकातल्या डिस्कला घासते आणि किर्र आवाज करते. म्हणजे बाबा, आता मला बदल. मामांच्या गाडीचं डावं चाक किरकिरत होतं. विरुपाक्षचं उजवं.

रविवारी दोघं नळदुर्गला महालिंगप्पांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. महालिंगप्पा म्हणजे कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि जिभेवर लगाम नसलेला माणूस. पण माल चोख. प्रत्येक पॅडच्या मागं निळ्या मार्करनं 'म' लिहिल्याशिवाय माल दुकानातून बाहेर जात नसे.

त्या दिवशी कंपनीच्या पॅडचं एकच खोकं शिल्लक होतं. बाकी सगळा लोकल माल.

"तू घे कंपनीचं. म्या लोकल टाकतो," विरुपाक्ष म्हणाला.

"येडा हायस का? तुज्या गाडीत पाण्याचं वजन. तूच घे," मामा म्हणाले.

दोघंही हटेनात. मग मामांच्या डोक्यात आलं. खोक्यात चार पॅड असतात, दोन डाव्या चाकाचे, दोन उजव्या चाकाचे. आपलं डावं गेलंय, त्याचं उजवं गेलंय. अर्धं अर्धं वाटून घेऊ की!

महालिंगप्पांनी ऐकलं आणि खोकं मागं ओढलं.

"इल्ला, इल्ला! जोडी फोडायची न्हाय. एक चाक नवं, एक जुनं, गाडी नव्याकडं ओढती. दोन्ही चाकाला बसवत असला तर न्या. न्हायतर आठ दिवस थांबा, माल येतोय."

विरुपाक्ष गुपचूप बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मामा पाच मिनिटांनी परत आत गेले.

"अप्पा, द्या. माज्या एकट्याच्या गाडीला बसवतो."

खोटं बोलले. मामा स्वतःच सांगतात, खोटं बोललो म्हणून.

संध्याकाळी विरुपाक्षच्या अंगणात दोघांनी मिळून पॅड बसवले. मामांना डावे, विरुपाक्षला उजवे. किरकिर थांबली. दोघं खूश.

सोमवारी सकाळी मामांच्या गाडीपुढं म्हैस आली. त्यांनी जोरात ब्रेक मारला आणि गाडी डावीकडं ओढली गेली. थोडीशीच. पण ओढली.

मामांना तेव्हाच कळलं. माझी डावीकडं ओढतेय, म्हणजे त्याची उजवीकडं ओढणार. समोरून येणाऱ्या गाड्यांकडं.

सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हणाले.

मंगळवारी दुपारी मामा लिंबाखाली आडवे झाले होते. फोन वाजला. विरुपाक्ष. बारा वाजून चाळीस मिनिटं. मामांना वाटलं, आता हा गाडीचंच गाऱ्हाणं घालणार, कल्पना तुझी होती म्हणून शिव्या देणार. त्यांनी फोन पालथा घातला.

एक वाजता गावात ओरडा झाला.

हायवेला गर्दी असली की आमच्याकडचे लोक आतल्या रस्त्यानं येतात. त्या रस्त्यावर चिंचेचं एक मोठं झाड आहे आणि तिथं वळण आहे. विरुपाक्षनं तिथं ब्रेक मारला. गाडी उजवीकडं गेली. समोरून टँकर होता.

लोक म्हणाले, डुलकी लागली असेल. मामा काही बोलले नाहीत. विरुपाक्षच्या बायकोसमोर, शिवप्रिया वहिनींसमोर, तेरा दिवस खाली मान घालून बसले. पण बोलले नाहीत.

इथपर्यंत भुताचं काही नाही. मलाही ठाऊक आहे.

चौदाव्या दिवशी मामांनी पिकअप योगीराज मिस्त्रीच्या शेडमध्ये लावली आणि मोटरसायकलनं नळदुर्गला गेले. आता पुरा सेट टाकायचा, चांगल्यातला चांगला. महालिंगप्पांकडं नवा माल आला होता. त्यांनी काउंटरवर एक-एक पॅड मांडला. चार. मागं 'म' लिहिला. खोकं बंद केलं. मामांनी ते पिशवीत घालून हँडलला अडकवलं.

येताना चिंचेपाशी वास आला.

ब्रेक घासून घासून तापले की येतो ना, तसा जळका वास...

मामांनी मागं बघितलं. पुढं बघितलं. सगळा रस्ता मोकळा. एकही गाडी नाही. उन्हात नुसती चिंचेची सावली पडलेली.

शेडमध्ये योगीराजनं खोकं उघडलं.

"मामा, दोनच हायेत की!"

दोनच होते. डावे.

उजवे दोन नव्हते.

"अप्पाची नजर आता कमी झाली असंल," योगीराज म्हणाला. मामांना ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा भडकले. पण त्यांनी दुसरं खोकं उघडलं, मामांकडून चार पॅड मोजून घेतले आणि सुतळीनं करकचून बांधलं. मामांनी ते शर्टाच्या आत, पोटाशी धरलं. वरून उपरणं आवळलं. आता बघू कोण काढतंय.

लोखंडच ते. पोटाला चांगलं जड लागत होतं. हायवे सुटला, जड. ओढा गेला, जड.

चिंच आली...

पुन्हा तो वास...

आणि पोटावरचं वजन हलकं झालं.

मामा सांगतात, कुणी हात घातला नाही, काही हललं नाही, काही वाजलं नाही. भरली घागर हातातल्या हातात अर्धी व्हावी, तसं झालं. त्यांनी गाडी थांबवली नाही. मारुतीच्या देवळापर्यंत सुसाट आले आणि पारावर बसून सुतळी सोडली. गाठ जशीच्या तशी होती.

आत दोन पॅड. डावे.

तिसऱ्या दिवशी मामा दुकानात गेले आणि नुसते उभे राहिले. महालिंगप्पांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, गिऱ्हाईक बाहेर काढलं आणि विचारलं,

"कुठल्या बाजूचे जातायत?"

"उजव्या."

"विरुपाक्षाच्या गाडीला कुठले बसवले होते तुम्ही?"

मामांनी विरुपाक्षचं नावही काढलं नव्हतं.

"टपरीवर बघितलं होतं म्या त्याला," महालिंगप्पा म्हणाले. "तरी खोकं दिलं. माझीबी चूक हाय. आता तिसरं देत न्हाय. आधी त्याच्या घरी जाऊन या. काय सांगायचंय ते सांगा."

मामांचे पाय उचलेनात. पण गेले.

विरुपाक्षच्या अंगणात ती चेंबलेली पिकअप ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाले दोनदा येऊन गेले होते, शिवप्रिया वहिनींनी नेऊ दिली नव्हती. मामांना बघताच त्या म्हणाल्या,

"बरं झालं आलाव भावजी. तुम्हाला इचारायचंच होतं. गाडीपाशी रोज सामान कोण आणून टाकतंय?"



"कसलं सामान?"

वहिनी आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात चार पॅड होते. नवे कोरे. चारही उजव्या चाकाचे.

"परवा दुपारी दोन घावले, काल दोन. त्या उजव्या चाकापाशी. हात लावला तर पोळलं मला."

मामांनी एक पॅड उलटा केला.

निळा 'म'.

मग मात्र त्यांना राहवलं नाही. तिथंच, अंगणात, उकिडवं बसून त्यांनी सगळं सांगितलं. फोडलेली जोडी. अप्पांशी बोललेलं खोटं. सोमवारची म्हैस. पालथा घातलेला फोन. सगळं.

वहिनींनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या,

"तुमाला वाटलं, ते शिव्या द्यायला फोन करत हुते?"

मामांनी होकारार्थी मान हलवली.

"तुमी उचलला न्हाय, मग त्यांनी मला लावला. म्हणले, गाडी उजवीकडं ओढती. म्या हळूहळू घरी आणतो. पर धनाजीची डावीकडं ओढत असंल. तो फोन उचलंना. तू त्याच्या घरी जा आन् सांग, आज गाडी काढू नको." वहिनींनी सूप खाली ठेवलं. "म्या चपला घालतच हुते, तवर लोक आले."

मामा तिथं ढसाढसा रडले. वहिनींनी त्यांना उठा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही, शिवीही दिली नाही. त्या ताडपत्री सारखी करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पांनी तिसरं खोकं दिलं. चिंचेपाशी वास आला नाही. खोक्यात चार पॅड निघाले. योगीराजनं दोन्ही चाकांना बसवले. गाडी आता सरळ धावते, सुतासारखी.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

गेल्या दिवाळीत मी जळकोटला गेलो होतो. मामांसोबत नळदुर्गला निघालो. आतल्या रस्त्यानं. चिंचेच्या अलीकडं मामांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. चावी काढून खिशात टाकली आणि फोन हातात धरून बसले. मी वेळ बघितली. बारा पस्तीस.

"काय झालं मामा?"

"बस जरा."

पाच मिनिटं गेली. फोन वाजला नाही. मला वाटलं, मामांच्या मनानं घेतलंय. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात...

किर्र...

उभ्या गाडीत. बंद इंजिनात. मामांच्या पायाखालून, उजव्या चाकातून.

किर्र...

नव्या पॅडला तो आवाज येत नाही. उभ्या गाडीला तर येतच नाही. मी दाराचं हँडल घट्ट धरलं. मामा मात्र घाबरले नव्हते. त्यांनी खिडकीतून बाहेर वाकून चाकाकडं बघितलं आणि शेजारच्या माणसाशी बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"व्हय रे. ऐकलं म्या. न्हाय काढत गाडी."

आवाज थांबला.

आम्ही एक वाजेपर्यंत तिथंच बसून राहिलो. मामा रोज बसतात. माल नासो, मार्केट चुको, त्या वीस-पंचवीस मिनिटांत त्यांची गाडी रस्त्यावर नसते.

मी पुण्यात राहतो, माझ्याकडं गाडी नाही. पण तेव्हापासून कुणाचा फोन वाजत असला आणि उचलायचा कंटाळा आला, की मला तो जळका वास येतो. मग मी उचलतो.