नाव ठिवू नगा

रानफुलं ओळखायचा माझा नाद घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापुरात विमा कचेरीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पिशवीत रानफुलांची पुस्तकं, भिंग आणि पाण्याची बाटली टाकून निघते. माझा भाऊ शिवराज म्हणतो, "आमची आक्का मानसापरास गवत जास्त वळखती." त्यात खोटं काही नाही.

त्या भाद्रपदात मी त्याच्याकडे मोडनिंबला गेले ती बारशासाठी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवससायास करून, त्याला आणि अपेक्षाला मुलगी झाली होती. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव मी ठरवलं होतं आणि रिवाजाप्रमाणे कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या नावावर माझा जीव जडला होता.

बारशाच्या आदल्या सकाळी माळावर गेले. कुसळी गवतात विष्णुक्रांता, एकदांडी, सराटा, सगळी नेहमीची मंडळी होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला मात्र एक अनोळखी फूल दिसलं. चुलीतल्या राखेच्या रंगाचं, नखाएवढं. पुस्तकात आधी रंग बघायचा, मग पाकळ्या. पाकळ्या पाच भरल्या. पुस्तक चाळून पुन्हा मोजल्या तर सहा. पानं समोरासमोर वाटली होती, भिंगातून एकाआड एक निघाली. वास बाळाच्या टाळूला येतो तसा, दुधाचा आणि तेलाचा.

पलीकडे गावातली म्हातारी मायाक्का मेंढरं चारत होती. मेंढरं तेवढा तुकडा सोडून चरत होती.

"मायाक्का, ह्याला काय म्हणतात?"

"काय न्हाय म्हनत."

"रूपही काही धड नाही म्हणा," मी हसले.

"त्येला नाव ठिवू नगा, ताई."

फुलाची नालस्ती केली म्हणून म्हातारी रागावली, असं मला वाटलं. मी ओशाळले. ती मेंढरं वळवून निघून गेली.

ओळख पटेपर्यंत फुलाला काहीतरी तात्पुरतं नाव द्यायची माझी सवय आहे, नाहीतर घरी पुस्तक उघडल्यावर घोटाळा होतो. मनात तेव्हा एकच नाव घोळत होतं. नालस्तीची भरपाई म्हणून लाडानं तेच दिलं, चांगलं मोठ्यानं. वारा पडलेला होता. तरी ती सगळी फुलं माझ्याकडे वळलेली दिसली. ऊन माझ्याच बाजूनं असेल, असं म्हणून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या. मी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं. पाठीवर धपाटे बसले. आणि नाव आठवेना.

विसरलं की पहिलं अक्षर तरी जिभेवर येतं. तेही आलं नाही. त्या जागी काही नव्हतंच. बायका हसायला लागल्या तसं तोंडाला आलं ते बोलले, "अंकिता."

संध्याकाळ व्हायच्या आत माळ गाठला. मायाक्का बांधावर बसली होती.

"म्हनलं न्हवतं व्हय, नाव ठिवू नगा म्हून?"

"मला वाटलं, नावं ठेवू नका..."

तिला माझी दया आली असावी.

"परत मागता येत न्हाय, ताई," ती हळूच म्हणाली. "पोरगी मोटी हुईल, चांगली हुईल. फकस्त ओ देती का, त्येवडं बगत ऱ्हावा."

अंकिता आता दोन वर्षांची होईल. गोड आहे, माझ्या गळ्यात पडते. पण हाक मारली तर वळत नाही. कान उत्तम आहेत, असं डॉक्टर सांगतात. अपेक्षा दिवसभर तिच्या नावानं हाका मारते आणि मग मोरीत जाऊन रडते. मला ते बघवत नाही. आणि सांगवतही नाही.

काल दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. कुणीच बोलत नव्हतं. माळाकडून वाऱ्याची झुळूक आली, दुधातेलाच्या वासाची.

अंकितानं हातातली वाटी खाली ठेवली. मान वळवली.

"ओ," ती म्हणाली.

तिचा पहिला शब्द. अपेक्षानं आनंदानं तिला उराशी धरलं.

ती आईच्या खांद्यावरून माळाकडे बघत होती. आणि उतरायला धडपडत होती.