मानेतली कळ

तिची आणि लंबूची पहिली भेट झाली ती एका ओकाऱ्या काढणाऱ्या माणसामुळे. रोलर कोस्टरवरून उतरलेल्या त्या जाड्या गृहस्थांना लंबूने बखोटीला धरून करमणूक उद्यानाच्या प्रथमोपचार खोलीत आणलं, आणि गृहस्थांनी पोटात होतं नव्हतं ते सगळं तिच्या, म्हणजे तिथल्या नर्सच्या, कोऱ्या गणवेशावर रिकामं केलं. ओशाळला मात्र लंबू. अंगातलं जाकीट काढून त्याने तिच्यापुढे धरलं.

"घाला. ग्रीसचा वास येईल, पण... यापेक्षा बरा."

तिला हसू आवरेना. त्या खोलीत हसण्यासारखं फार काही घडत नसे.

लंबू कोस्टरचा मेकॅनिक. ताडमाड उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत, आणि तिला सिस्टर. सकाळी फाटक उघडण्याआधी रिकाम्या गाडीत बसून तो एकटाच फेऱ्या मारी. रूळ कुठे दचका देतोय, कुठलं चाक कुरकुरतंय, हे स्वतः बसल्याशिवाय कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग बोटाला खरचटल्याचं निमित्त काढून तो तिच्या दारात उभा राही. खरचटलेलं बोट नेमकं कुठलं, हे कधीकधी त्यालाच सापडत नसे.

पट्टी बांधता बांधता ती त्याला रागावे. बाहेर एवढी मोठी पाटी लावली आहे – हृदयविकार, रक्तदाब, मानेचं दुखणं असेल, दिवस गेले असतील तर बसू नका – पण वाचतं कोण? रक्तदाब लपवून बसलेल्या एका बाईंना याच खाटेवर शुद्धीवर आणताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आणि तुम्ही रोज मान हिसडून घेता," ती म्हणाली.

"माझ्या मानेला सवय आहे. तुमच्यासमोर मात्र ती वर होत नाही..."

तिने पट्टीची गाठ उगाचच करकचून आवळली, आणि तो गेल्यावर बराच वेळ कापूस हातात धरून बसली.

एके दिवशी तो बोट न दाखवता आला. उजव्या बाजूला मानेत कळ येतेय, म्हणाला, उशी बदलल्यामुळे असेल, एखादी गोळी द्या. तिने वर पाहिलं. त्याची उजवी पापणी किंचित खाली उतरली होती.

"डोळ्याला काय झालं?"

"डोळा मारतोय, म्हणा. इतके दिवस धीर होत नव्हता."

ती हसली... आणि हसता हसता थांबली. विजेरी घेऊन तिने त्याचे डोळे पाहिले. एक बाहुली दुसरीपेक्षा बारीक होती. ताबडतोब हॉस्पिटलात जायचं, ती म्हणाली. रांग लागलीय, साहेब ओरडतील, असं तो सांगू लागला तेव्हा तिने सरळ दार अडवलं. उद्यानाच्या गाडीत त्याला घालून ती शेजारी बसली. अर्ध्या वाटेत त्याचे शब्द जड झाले, आणि डावा हात मांडीवरून घसरला तो त्याला पुन्हा उचलता येईना.

मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा फाटला होता, तिथे गुठळी झाली होती. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलंत म्हणून जीव वाचला. रोजच्या हिसक्यांमुळेच झालं का, हे त्यांना खात्रीने सांगता येईना. उद्यानाच्या साहेबांना हात झटकायला तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी लंबूच्या जागी दुसरा मेकॅनिक बसवला, आणि कोस्टर वेळेवर सुरू झाला. तिने साहेबांशी भांडून पाहिलं. मग रोज थोडा वेळ ती पाटीशेजारी उभी राहून रांगेतल्या एकेकाला मान, पाठ, रक्तदाब विचारू लागली. लोक वैतागत. काही मात्र मुकाट्याने रांगेतून बाहेर पडत.

लंबू घरी आला, पण तिला भेटेना. त्याची आई दारातूनच सांगे, तो झोपलाय गं. आईंचे डोळे सुजलेले असत. एक दिवस त्यांनीच बाजूला होऊन तिला आत घेतलं.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. डावा हात कुणी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडला होता. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं.

"सिस्टर... सेवा करायला आलात?" शब्द घरंगळत बाहेर आले. "आईला सांगितलंय... कुणाची दया नको."

"सेवेचा मला पगार मिळतो," ती म्हणाली. "इथे फुकट येतेय. का, ते तुला कळत नसेल तर डॉक्टरांना सांगून डोकं पुन्हा तपासून घेऊ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. 'तुला' त्याने ऐकलं होतं.

"परत... झालं तर?"

"होऊ शकतं," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "तेव्हाही मी असेन. नाही झालं तरी असेन."

त्याचं तोंड अर्धंच हसलं, आणि डोळे भरून आले. ती खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली. तो पडलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार होता.

"कळतंय?"

त्याने बराच वेळ प्रयत्न केला. मग मान हलवली... नाही.

"बरं," ती म्हणाली. "कळेल तेव्हा सांग."

आणि ती तशीच बसून राहिली.